पेटीला न येणारी मींड आणि शिकागोचा लिटल वॉल्टर

या महिन्यात माउथ ऑर्गनविषयी चार पत्रे आली. चारही पत्रे एकमेकांत गुंतलेली असल्याने उत्तरे सलग देत आहे.

प्रश्न : माझा भाचा गेले वर्षभर रात्री गच्चीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि ‘लिटल वॉल्टर’ हे नाव दिवसातून दहा वेळा घेतो. आमच्या पिढीला माउथ ऑर्गन म्हणजे सहलीच्या बसमध्ये वाजवायचे खेळणे. हा वॉल्टर कोण आणि एवढ्याशा वाद्यावर नाव व्हावे असे त्याने केले तरी काय, हे सविस्तर सांगाल काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : लिटल वॉल्टर याचे मूळ नाव मॅरियन वॉल्टर जेकब्ज. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यात मार्क्सव्हिल या गावी तो जन्मला. १ मे १९३० ही तारीख बहुतेक ठिकाणी दिलेली असते. शाळेशी त्याचे फारसे जमले नाही आणि बाराव्या-तेराव्या वर्षीच खिशात माउथ ऑर्गन टाकून तो घराबाहेर पडला. न्यू ऑर्लिन्स, हेलेना, मेम्फिस, सेंट लुइस अशी गावे करीत, पडेल ते काम करीत आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून वाजवीत तो वाढला. गुरुगृही राहून शिकण्याची आपल्याकडची रीत त्याच्या वाट्याला आली नाही. मोठ्या वादकांच्या मागे हिंडायचे, ते वाजवीत असताना तोंडाकडे आणि हातांकडे पाहायचे, हीच त्याची तालीम. वय पंधरा-सोळा असताना तो शिकागोत पोहोचला. दक्षिणेतील शेतमजुरी आणि वर्णद्वेष मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय माणसे त्या काळात उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत येत होती, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर त्यांचे ब्लूज हे गाणेही येत होते.

शिकागोत मॅक्सवेल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथे रविवारी जो बाजार भरत असे, त्याची कल्पना पुणेकराला द्यायची तर आपल्या जुन्या बाजाराचे नाव घ्यावे लागेल: फुटपाथवर मांडलेली हत्यारे, जुने कपडे, मोडकी घड्याळे, आणि त्यातून वाट काढणारी तोबा गर्दी. फरक इतकाच, की तिथे जागोजागी गवयी उभे असत आणि शेजारच्या घरातून किंवा दुकानातून वायर ओढून गिटारला वीज देत. आता गर्दीचा कोलाहल, विजेवर चालणाऱ्या दोन गिटारी आणि त्यात तळहाताएवढा माउथ ऑर्गन, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे वॉल्टरची अडचण ध्यानात येते. तो कितीही जोराने फुंकला तरी ऐकू येणार नव्हता. त्याचे पहिले ध्वनिमुद्रणही याच रस्त्यावरचे. १९४७मध्ये तिथल्या एका रेडिओ-रेकॉर्डच्या दुकानदाराने आपल्या छोट्या लेबलसाठी ते केले.

अडचणीवर त्याने काढलेला तोडगा वरवर पाहता साधा होता. सभेत भाषणाला वापरतात तसला स्वस्त मायक्रोफोन त्याने माउथ ऑर्गनसह दोन्ही तळहातांच्या ओंजळीत घट्ट धरला आणि तो अॅम्प्लिफायरला जोडला. असे करणारा तो पहिलाच नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. इतरांनी मायक्रोफोन घेतला तो आवाज मोठा व्हावा म्हणून. वॉल्टरच्या कानाने त्यात दुसरेच काही टिपले. ओंजळ गच्च बंद केली की वरचे, किणकिणणारे ध्वनी दबतात आणि आवाजाला घुमारा येतो. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या अॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर रेटले की आवाज फाटू लागतो, आणि त्या फाटण्याला दाणेदार, सॅक्सोफोनसारखा भरदारपणा येतो. गणेशोत्सवात मंडपातला कर्णा फाटू लागला की आपण लाउडस्पीकरवाल्याला हाका मारतो. वॉल्टरने तोच फाटलेला आवाज हवा तेव्हा, हवा तितकाच काढायचा सराव केला, आणि त्यामुळे अॅम्प्लिफायर हा वाद्याच्या आवाजाला मोठे करणारा पेटारा न राहता वाद्याचाच एक भाग झाला. माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व हे, बाकी सारे त्याच्या मागून येते. त्याचा कान माउथ ऑर्गनवाल्यांपेक्षा लुई जॉर्डनसारख्या सॅक्सोफोनवादकाकडे लागलेला होता, हेही त्याच्या लयीच्या झोकावरून सहज ओळखू येते.

१९४८च्या सुमारास तो मडी वॉटर्स या गायक-गिटारवादकाच्या गटात शिरला. शिकागो ब्लूज म्हणून आज जे ओळखले जाते त्याची घडण या गटात झाली. गायकाची ओळ संपते न संपते तोच तिला उत्तर देणारा माउथ ऑर्गन, आणि ओळ चालू असताना तिच्या खाली धरलेला एखादाच लांब सूर, ही वॉल्टरची साथ ऐकताना आपल्या मैफलींतील पेटीची साथ आठवल्याशिवाय राहत नाही. आप्पा जळगावकर यांची पेटी ज्यांनी सवाई गंधर्व महोत्सवात समोर बसून ऐकली आहे, त्यांना गायकाच्या सावलीसारखे राहूनही स्वतःचे बोलणे म्हणजे काय, हे मी वेगळे समजावण्याची गरज नाही.

१२ मे १९५२ रोजी मडी वॉटर्सच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी वॉल्टरच्या नावावर एक शब्दविरहित तुकडा मुद्रित झाला. गट आपल्या कार्यक्रमांत ती धून वाजवीत असे. ‘ज्यूक’ या नावाने चेस कंपनीच्या ‘चेकर’ या लेबलवर ती तबकडी निघाली आणि ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या रिदम अँड ब्लूज यादीत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. माउथ ऑर्गनवर वाजवलेल्या दुसऱ्या कोणत्याही शब्दविरहित तबकडीला त्या यादीत तो क्रमांक मिळालेला नाही. खुद्द मडी वॉटर्सलाही या यादीचे शिखर कधी गाठता आले नाही, हे लक्षात घेतले म्हणजे बाविशीतल्या साथीदाराच्या डोक्यात त्या वेळी काय चालले असेल याचा अंदाज येतो. चालू दौरा अर्धवट टाकून तो शिकागोला परतला. ज्यूनियर वेल्स नावाचा तरुण माउथ ऑर्गनवादक ज्या गटाबरोबर वाजवीत होता तो गट वॉल्टरने घेतला आणि वेल्स मडी वॉटर्सकडे वॉल्टरच्या जागी गेला. अशी अदलाबदल आपल्याकडच्या नाटक कंपन्यांच्या इतिहासातही शोभली असती. दोघांचे संबंध मात्र तुटले नाहीत. गट सोडल्यानंतरही मडी वॉटर्सच्या कित्येक तबकड्यांवर माउथ ऑर्गन वॉल्टरचाच आहे.

पुढची सहा वर्षे त्याची होती. १९५२ ते १९५८ या काळात त्याच्या १४ तबकड्या त्या यादीच्या पहिल्या दहांत गेल्या, आणि १९५५ साली विली डिक्सनने रचलेल्या ‘माय बेब’ या गाण्याने तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोहोचला. गाणाराही तोच होता. गळा मोठा नव्हता, पण बोलल्यासारखे सहज गाण्याची हातोटी होती.

उतार मात्र लवकर लागला. रॉक अँड रोलमुळे तरुण श्रोता दुसरीकडे वळला, हे एक कारण. दारू आणि भडक डोके, ही दुसरी दोन. त्याचे चाहते ही दुसरी कारणे सांगताना आवाज खाली आणतात, पण त्याच्या अखेरच्या वर्षांतील चेहऱ्यावरचे व्रण छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. १९६४मध्ये तो इंग्लंडला आणि १९६७मध्ये युरोपच्या दौऱ्यावर जाऊन आला. फेब्रुवारी १९६८मध्ये शिकागोतील एका क्लबात कार्यक्रमाच्या मधल्या सुटीत त्याची मारामारी झाली. वरवर दुखापत किरकोळ दिसत होती, पण १५ फेब्रुवारीच्या पहाटे झोपेतच तो गेला. वय ३७. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ झाल्याचे कारण नोंदले गेले. त्याच्या थडग्यावर १९९१पर्यंत नावाची शिळाही नव्हती. ती चाहत्यांनी बसवली. २००८मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला तो साथीदारांच्या विभागात. स्वतःच्या नावावर १४ यशस्वी तबकड्या असलेल्या माणसाला साथीदार म्हणून मान मिळावा, यावर आपले पेटीवाले आणि तबलजी काय म्हणतील ते त्यांनाच विचारावे.

प्रश्न : मी गेली तीस वर्षे पेटीची साथ करतो. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, निघत नाही हे आम्हाला आयुष्यभर ऐकवले गेले. माउथ ऑर्गनही सुरांच्या पितळी जिभांवरच चालतो. मग ब्लूजवाले त्यातून स्वर ओढल्यासारखे, रडल्यासारखे कसे काढतात? मायक्रोफोनची करामत आहे काय?
– एक पेटीवादक, नारायण पेठ

उत्तर : मायक्रोफोनचा येथे काहीही संबंध नाही, बंद खोलीत नुसता माउथ ऑर्गन ओठांना लावूनही हे करता येते. आपला प्रश्न मात्र फार नेमका आहे. पेटी आणि माउथ ऑर्गन ही सख्खी भावंडे. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर जी बंदी घातली आणि जी पुढे तीन दशके टिकली, तिच्यामागच्या तक्रारींत हीच तक्रार मुख्य होती, की पेटीचा स्वर पट्टीवर खिळलेला असतो आणि दोन स्वरांच्या मधली वाट तिला चालता येत नाही.

माझ्याकडचा एक जुना माउथ ऑर्गन मी एकदा जेवणाच्या टेबलावर उघडला होता. वरखाली पत्र्याची दोन झाकणे, ती छोट्या खिळ्यांनी ठोकलेली. चाकूच्या टोकाने ती उचकटली की पितळेच्या दोन पट्ट्या दिसतात आणि त्यांच्यामध्ये खाचा पाडलेला लाकडी कंगवा. वरच्या पट्टीवर दहा सूर, म्हणजे पितळी जिभा, खालच्या पट्टीवर दहा. वरचे सूर खाचेच्या आतल्या बाजूला बसवलेले, खालचे बाहेरच्या बाजूला. म्हणजे प्रत्येक छिद्रामागच्या एकाच कोंदणात दोन सूर समोरासमोर आहेत: एक फुंकल्यावर बोलणारा, दुसरा श्वास आत ओढल्यावर बोलणारा. सारी गोम या शेजाराची आहे.

पांढरी एकचा, म्हणजे सी पट्टीचा माउथ ऑर्गन घ्या. तिसऱ्या छिद्रात फुंकले तर पंचम मिळतो, ओढले तर शुद्ध निषाद. ओढता ओढता जिभेचा मागचा भाग खाली नेऊन तोंडातील पोकळी मोठी केली, ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’वर उतरावे तशी, की निषादाचा सूर आपली जागा सोडून खाली घसरू लागतो. त्याच वेळी शेजारचा, एरवी ओढताना गप्प असणारा पंचमाचा सूर कंप पावू लागतो, आणि घसरण जितकी खोल तितका आवाजाचा भार त्या शेजाऱ्यावर जातो. अशा रीतीने कोमल निषाद, शुद्ध धैवत आणि कोमल धैवत हे तिन्ही स्वर, आणि त्यांच्या मधल्या साऱ्या जागा, त्याच छिद्रातून निघतात. वाद्य बनवणाऱ्या जर्मन कारागिरांनी हे योजलेले नव्हते. नाचगाण्याला सोपे स्वरसंवाद मिळावेत एवढाच त्यांचा हेतू होता आणि त्यापायी खालच्या सप्तकातील मध्यम आणि धैवत त्यांनी सरळ गाळून टाकले होते. गाळलेले स्वर दक्षिणेतील वादकांनी असे वाकवून मिळवले.

आपल्या पेटीत प्रत्येक सुराला त्याच्याच घरात कोंडलेले असते आणि वारा देतो तो भाता. भात्याला जीभ नाही आणि घसा नाही. वाऱ्याचा जोर वाढवून स्वर केसभर हलतो, पण वाजवणाऱ्याच्या तोंडाची पोकळी सुराला जशी खेचून घेते तसे पेटीत व्हायला जागाच नाही. पेटीवाल्यांची बोटे कमी पडली असे ज्यांनी आपल्याला आयुष्यभर ऐकवले, त्यांना हे जरूर सांगावे.

यापुढची गोष्ट आपल्याला अधिक रुचेल. ब्लूज वाजवणारा सी पट्टीचा माउथ ऑर्गन घेतो पण षड्ज पांढरी एकवर धरीत नाही; तो धरतो पांढरी पाचवर. म्हणजे वाद्याचा पंचम हा त्याचा षड्ज. मूर्च्छनेचा, म्हणजे षड्ज दुसऱ्या स्वरावर हलवून सप्तक नव्याने मोजण्याचा, हिशेब केला तर शुद्ध स्वरांचे ते वाद्य आपोआप खमाज थाटाचे होते, कोमल निषाद आयता मिळतो, आणि मुख्य म्हणजे षड्ज, गंधार, पंचम हे महत्त्वाचे स्वर श्वास आत ओढण्याच्या बाजूला येतात, जिथे ते वाकवता येतात. मघाचा तिसऱ्या छिद्रातील शुद्ध निषाद आता शुद्ध गंधार झाला. ब्लूजचा सगळा जीव शुद्ध आणि कोमल गंधारांच्या मधल्या फटीत आहे. वॉल्टर तिथे उभा राहतो, कोमलावर पूर्ण उतरत नाही आणि शुद्धावर चढतही नाही, आणि तेवढ्यातच स्वराचा रंग दोनदा बदलतो.

तरीही मी याला सारंगीची मींड म्हणणार नाही. पहिल्या सहा छिद्रांत ओढलेलाच स्वर वाकतो, आठव्यापासून वर फुंकलेला. पाचव्या आणि सातव्या छिद्रांत दोन सुरांमधले अंतर अर्ध्या स्वराचेच असल्याने तिथे वाकवायला जवळजवळ वावच नाही. घसरण नेहमी मूळ स्वराच्या खाली होते, वर नाही. अशा अडवणुकीतून वाट काढावी लागत असल्यामुळेच कदाचित या वाद्याचे बोलणे दाटल्या गळ्याचे वाटते.

प्रश्न : ब्लूजचा माउथ ऑर्गनवादक सनी बॉय विल्यमसन हा १९४८मध्ये मारला गेला असे एके ठिकाणी वाचले आणि १९६०नंतर तो युरोपात वाजवीत होता असे दुसरीकडे. कोणते खरे?
– एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : दोन्ही. माणसे दोन होती. टेनेसी राज्यातील जॉन ली विल्यमसन हा मूळ सनी बॉय. १ जून १९४८ रोजी शिकागोत त्याचा खून झाला. दुसरा राइस मिलर. पहिला हयात असतानाच याने ते नाव उचलले आणि हेलेना येथील ‘किंग बिस्किट टाइम’ या, १९४१ साली सुरू झालेल्या, पिठाच्या जाहिरातीवर चालणाऱ्या रेडिओ कार्यक्रमातून घरोघरी पोहोचवले. वर आपणच मूळचे असे तो बिनदिक्कत सांगत असे. युरोपात गेला तो हा, १९६५मध्ये वारला. कोवळ्या वयातील वॉल्टर हेलेनात ज्याच्या मागे मागे हिंडून शिकला तोही हाच.

प्रश्न : मी उत्साहाने माउथ ऑर्गन विकत घेतला. दुकानदाराने चोवीस छिद्रांचा, ‘जास्त छिद्रे म्हणजे जास्त स्वर’ असे सांगून दिला. दोन महिने झाले तरी एकही स्वर वाकत नाही. दोष माझा की वाद्याचा?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : दोष आपला नाही. माझीही पहिली खरेदी अशाच एका दुकानातून, अशाच उपदेशासह झाली होती. आपल्याकडे आहे तो ट्रेमोलो प्रकार. यात प्रत्येक स्वरासाठी किंचित वेगळ्या सुरांत लावलेल्या दोन जिभा एकाच वेळी वाजतात, त्यांच्या तफावतीमुळे ती गोड थरथर निर्माण होते; पण फुंकण्याचे आणि ओढण्याचे सूर वेगवेगळ्या कोंदणांत असल्याने मघाशी सांगितलेला शेजार तिथे नाही. भावगीतांच्या चाली त्यावर छान वाजतात, तेव्हा तो टाकून देऊ नये. बाजूला दाबायची कळ असलेला क्रोमॅटिक हा तिसरा प्रकार. त्यावर बाराही स्वर सरळ मिळतात आणि हिंदी चित्रपटसंगीतातील अवघड जागा बहुधा त्यावर वाजवलेल्या असतात. वॉल्टरही तो अधूनमधून हाती घेत असे.

ब्लूजसाठी हवा तो दहा छिद्रांचा साधा, डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीचे सात स्वर असलेला माउथ ऑर्गन. जर्मनीतील ट्रॉसिंगन येथील होनर कंपनीचे ‘मरीन बँड’ हे १८९६पासून चालत आलेले नमुनेदार वाद्य, पण त्याचा लाकडी कंगवा लाळेने फुगतो आणि नवशिक्याच्या ओठांची सालटी काढतो. सुरुवातीला प्लॅस्टिकच्या कंगव्याचा कोणताही बरा घ्यावा. वाजवून झाल्यावर छिद्रे खाली करून तळहातावर दोन-चारदा आपटावा आणि डबी उघडी ठेवून सुकू द्यावा.

आपण ‘ज्यूक’ लावून त्याबरोबर वाजवायला बसणार असाल तर आणखी एक सूचना. सी पट्टीचा माउथ ऑर्गन त्या तबकडीशी जुळणार नाही आणि आपल्याला पुन्हा स्वतःचाच दोष वाटेल. वॉल्टरच्या हातात तिथे ए पट्टीचा, म्हणजे पांढरी सहाचा माउथ ऑर्गन आहे आणि त्याचा षड्ज पांढरी तीनवर आहे. तो षड्ज दुसऱ्या छिद्रात श्वास आत ओढला की मिळतो. सुरुवातीचा चढत जाणारा छोटा तुकडा तिथूनच निघतो आणि तो पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे पहिल्या आठवड्यात तेवढाच बसवावा.